मानाची गाडी मोठीच असावी का?

कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलात, की रुक्मिणीमातेचं दर्शन झाल्याबरोबर वर्धा नदीच्या काठाकडे धाव घेऊ नका. देवळाबाहेर लागलेल्या वाहनांकडे जरा निरखून बघा. एसटी असते, ट्रॅक्टर असतो, दुचाकींची तर गणतीच नाही. एवढ्यात एखादी लांबरुंद, काळी कुळकुळीत मोटार येते. लोक आपोआप बाजूला होतात. नारळ विकणारा स्टुलावरून उठून उभा राहतो. आतून कोण उतरणार हे कुणालाच ठाऊक नसतं. पण गाडी मोठी म्हणजे माणूस मोठा, हा हिशेब मनातल्या मनात केव्हाच झालेला असतो.

हसू नका! हाच हिशेब मोटारींचे कारखानेही करत आले आहेत. प्रत्येक कंपनीची एक मानाची गाडी असते. जाहिरातीत ती पुढे, प्रदर्शनात ती मधल्या चौथऱ्यावर, शोरूमच्या काचेमागे तिच्यावरच सगळे दिवे. तिला ‘फ्लॅगशिप’ म्हणतात. शब्द मूळचा आरमारातला. आरमाराचा प्रमुख ज्या जहाजावर असेल, त्या जहाजावर त्याचं निशाण लागतं; ते निशाणाचं जहाज. म्हणजे मान होता तो निशाणाचा, लांबीरुंदीचा नव्हे. मोटारीच्या धंद्यात मात्र निशाण बहुधा सर्वांत मोठ्या गाडीवरच लागतं. ते तसं लागावं का, हा आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, “अहो, हा पुरुषांचा विषय. आमच्या पानात लिंबाच्या लोणच्याची कृती द्या, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करायचं ते सांगा!” तेही देऊच. पण घरात गाडी येते ती कुणाच्या पैशानं? तिचा हप्ता कुणाच्या महिन्याच्या हिशेबातून वजा होतो? तिच्यात मागे बसून लेकरू मांडीवर कोण घेतं? आणि लग्नाच्या बैठकीत ‘गाडी’ हा शब्द निघाला, की कुणाच्या पोटात गोळा येतो? विषय आपलाच आहे बरं! म्हणून तो नीट समजून घेऊ.

हंडा आणि तवा

आपल्या घरात माळ्यावर एक मोठा हंडा असतो. बारशाला, लग्नकार्याला तो खाली उतरतो, चिंचेनं घासला जातो, सगळे कौतुकानं बघतात. तेवढं झालं की परत माळ्यावर. तवा मात्र रोज चुलीवर. घराची पोळी कशी आहे ते पाहुण्याला तव्यावरून कळतं, हंड्यावरून नाही. आता सांगा, घराचं निशाण कुणाच्या हाती द्यायचं?

मोठ्या गाडीवाल्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण तीही खोटी नाही. नवी सोय शोधून काढायला पैसा लागतो. पहिल्यांदा ती महागच पडते. तेवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मोठ्या गाडीचंच असतं. शिवाय मोठ्या गाडीत यंत्रं बसवायला जागा असते. म्हणून कंपनी म्हणते, आधी मोठीत घालू, मग हळूहळू धाकटीत उतरवू.

जर्मनीच्या मर्सिडीझ-बेंझ कंपनीचं उदाहरण घ्या. तिची एस-क्लास ही मोठी गाडी म्हणजे त्या घराण्याची थोरली पाती. एकदम ब्रेक दाबला तर चाकं घसरू न देणारी यंत्रणा, जिला आपण एबीएस म्हणतो, ती १९७८ साली या गाडीत आली. अपघातात झटकन फुगून छातीला आणि डोक्याला आधार देणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, १९८१ च्या सुमारास याच गाडीत चालकापुढे बसली. आज पुण्याजवळ चाकणला या कंपनीच्या गाड्या जुळवल्या जातात. ही थोरली बाई आपल्या धाकट्यांना खरोखरच काही शिकवून गेली, हे नाकारता येणार नाही.

पण थांबा. शिकवायला तिला वेळ किती लागला? आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग हवीच, असा नियम लागू झाला १ जुलै २०१९ पासून. १९८१ ते २०१९, म्हणजे अडतीस वर्षे! थोरलीच्या ताटातला घास धाकटीच्या ताटात पडायला अडतीस वर्षे लागली, आणि तीही कायद्यानं हात धरला तेव्हा. तेवढ्या काळात एका मुलीचं बारसं होऊन तिची मुलगी कॉलेजात जाते. ‘वरून हळूहळू झिरपेल’ या म्हणण्याचा अर्थ हा असा असतो. विहीर भरली की मग पाटाला पाणी सोडू, असं म्हणणाऱ्याच्या शेजारचं शेत तोवर करपून जातं. हे वऱ्हाडातल्या बायकांना आणखी कुणी सांगायला नको.

ज्यांनी पाट आधी सोडला

आता दुसरी गोष्ट ऐका. स्वीडनमध्ये व्होल्वो नावाची कंपनी आहे. तिथे नील्स बोहलिन या इंजिनिअरनं खांद्यावरून आणि कमरेवरून असा तीन ठिकाणी पकडणारा पट्टा तयार केला. साल १९५९. आज प्रत्येक मोटारीत दिसतो तो हाच पट्टा. हा पट्टा कंपनीनं कुठे बसवला? राजेरजवाड्यांच्या गाडीत नाही. तिथल्या शाळामास्तरांनी, दुकानदारांनी घ्यावी अशा साध्या कुटुंबाच्या गाड्यांत. आणि पुढे जाऊन त्याचं पेटंट कंपनीनं बाकीच्या कारखान्यांसाठी खुलं ठेवलं. जगभरात या पट्ट्यानं जितके जीव वाचवले, तितके मोटारीतल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूनं क्वचितच वाचवले असतील. व्होल्वो म्हटलं की लोकांच्या तोंडी ‘सुरक्षित’ हा शब्द येतो, तो या पट्ट्यामुळे. गाडीच्या लांबीमुळे नव्हे.

त्याच १९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी रस्त्यावर आली. लांबी अवघी दहा फूट! इंजिन आडवं बसवून त्यांनी जागा वाचवली आणि चार माणसं नीट बसतील अशी सोय केली. आज आपण वापरतो त्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन असंच आडवं असतं आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे अक्कल धाकटीकडून थोरलीकडे सुद्धा जाते!

उलट ज्या कंपनीच्या नावाचा अर्थच ‘लोकांची गाडी’, त्या फोक्सवागननं २००२ साली फेटन नावाची भली मोठी, श्रीमंती गाडी काढली. तिच्यासाठी ड्रेस्डेन शहरात काचेच्या भिंतींचा देखणा कारखाना बांधला. गाडी कारागिरीला चांगली होती. पण लोक म्हणाले, एवढे पैसे द्यायचे तर ज्यांचं नावच त्यासाठी आहे त्यांच्याकडे जाऊ. अमेरिकेतून ती काही वर्षांतच परतली आणि २०१६ साली बंद झाली. याच देशातल्या पोर्शेचं बघा. तिच्याकडे ९११ पेक्षा मोठ्या गाड्या आहेत, आणि त्या खपतातही उत्तम. पण पोर्शे म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बुटकी, दोन दारांची ९११ च. घराण्याची ओळख कशात आहे, ते घराणं स्वतः विसरलं नाही तर मान आपोआप जागच्या जागी राहतो.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट

परदेश झाला, आता घरी येऊ. मुंबईच्या महिंद्र कंपनीनं १९४७ साली जीप जुळवायला सुरुवात केली. वऱ्हाडात तालुक्याच्या गावाला जीप आली, की शाळा सुटायची! खडबडीत रस्ता, काळी माती, पावसाळ्यातला चिखल, हे सगळं तुडवणारी गाडी ही त्या घराण्याची ओळख. २००२ साली तिची स्कॉर्पिओ आली. मोठी, उंच, दांडगी. तिचा रुबाब असा, की लग्नाच्या वरातीपासून पुढाऱ्याच्या ताफ्यापर्यंत तीच.

पण रुबाब आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ साली ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनं भारतातल्या काही मोटारी मुद्दाम आदळवून तपासल्या. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर नेतात, आत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवलेले असतात, आणि त्यांना कितपत इजा झाली त्यावरून शून्य ते पाच तारे देतात. त्या वेळी स्कॉर्पिओच्या एअरबॅग नसलेल्या गाडीला मोठ्या माणसांच्या बचावासाठी मिळालेले तारे होते शून्य. लक्षात घ्या, गाडी मोठी होती.

पुढे २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये याच कंपनीनं ‘आल्टुरस जी-४’ ही गाडी आणली. तिच्या ताफ्यात आकारानं सर्वांत मोठी, म्हणून मानाची. मूळची कोरियाच्या सँगयाँग कंपनीची, चाकणला जुळवलेली. नऊ एअरबॅगा, चामड्याच्या गाद्या, काही म्हणून उणं नव्हतं. पण घरच्या अंगणात वाढलेली नव्हती ना! ओळखीच्या मंडळींना ती आपली वाटली नाही. खप बेताचाच राहिला आणि २०२२ साली ती बंद झाली.

आणि याच काळात नाशिकच्या कारखान्यातून काय बाहेर पडत होतं? एक्सयूव्ही ३००. लांबी चार मीटरच्या आत. तिला २०२० च्या जानेवारीत त्याच चाचणीत मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. म्हणजे निशाण होतं एका गाडीवर, आणि जीव वाचवण्याची अक्कल दिसत होती दुसऱ्या, धाकट्या गाडीत. पुढे कंपनीही शहाणी झाली. २०२१ ची एक्सयूव्ही ७०० ही आल्टुरसपेक्षा लांबीला कमी. पण तिनं पाच तारे मिळवले आणि घराण्याचा मान तिच्याकडे आला. २०२२ साली नव्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच तारे मिळाले. चांगली सून आली की सासरची जुनी चालसुद्धा बदलते म्हणतात, तसंच झालं!

टाटा मोटर्सचीही अशीच कथा. २०१८ च्या डिसेंबरात भारतात बनलेल्या मोटारीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे पहिल्यांदा मिळाले, ते टाटांच्या नेक्सॉनला. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी, चार मीटरच्या आतली गाडी. त्याच वेळी टाटांकडे हेक्झा नावाची, नेक्सॉनहून कितीतरी लांब गाडी होती. पण इतिहासात नाव लागलं धाकटीचं. टाटांच्या मोठ्या सफारीला पाच तारे मिळाले ते २०२३ साली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. आणि २०२४ सालात आपल्या देशात सर्वांत जास्त खपलेली मोटार कोणती? टाटांचीच, नेक्सॉनहूनही लहान अशी पंच. तिलाही २०२१ सालीच पाच तारे होते.

मग लहान तीच चांगली, असं म्हणायचं का? छे! तसं असतं तर नॅनोचं सोनं झालं असतं. स्कूटरवर नवरा, बायको आणि मध्ये दबलेली दोन मुलं बघून रतन टाटांच्या मनात ती गाडी आली. २००८ साली तिचं पहिलं दर्शन झालं आणि २००९ मध्ये ती विकायला आली. एक लाखाची गाडी! जगभर गवगवा झाला. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिच्या कपाळी बसला. आपल्या घरी पहिली गाडी येते ती मिरवायला. “सर्वांत स्वस्त आहे हं” असं सांगत कोण पेढे वाटणार? त्या शिक्क्यानं घात केला, असं पुढे खुद्द रतन टाटांनीच बोलून दाखवलं. शिवाय २०१४ सालच्या चाचणीत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. २०१८ साली ती बंद झाली. हेतू सोन्याचा होता, पण मान नुसत्या लहानपणानंही मिळत नाही आणि नुसत्या स्वस्ताईनंही.

याउलट मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती गेली. ती त्या काळच्या अँबॅसडर-फियाटपेक्षा लहान होती; पण चालवायला हलकी, पेट्रोलला काटकसरी, नादुरुस्त होऊन वाटेत क्वचितच थांबणारी. कितीतरी बायका त्या गाडीवर मोटार चालवायला शिकल्या! याच कंपनीनं २०११ साली किझाशी नावाची मोठी, उंची गाडी आणली. आज ते नाव किती जणींना आठवतं? आणि ‘मारुती’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? झालं तर मग!

मग मोठी गाडी वाईट का?

तसं मुळीच नाही. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, चार मुलं असा गोतावळा असेल आणि सगळ्यांनी मिळून शेगावला किंवा माहूरला जायचं असेल, तर सात जणांची गाडी हवीच. पाच जणांच्या गाडीत आठ जण कोंबण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, तर हलक्या गाडीला धक्का जास्त बसतो. म्हणून तारे मोजताना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांचीच तुलना करायची. पाच ताऱ्यांची छोटी आणि पाच ताऱ्यांची मोठी अगदी सारख्या, असं समजायचं नाही.

पण मोठी गाडी म्हणजे कवच, या समजुतीवर झोपी जाणं फार धोक्याचं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी नामांकित होती, महागडी होती. ते मागच्या सीटवर बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा, असा कायदा आहे. पण आपल्याकडे मागचा पट्टा बहुधा गादीखाली दडपलेला असतो, आणि मागे बसतात कोण? बायका, म्हातारी माणसं आणि मुलं! १९५९ चा तो साधा पट्टा आजही लाखो रुपयांच्या गाडीपेक्षा मोठा आहे. फक्त तो लावला पाहिजे.

प्रश्न आपल्या अंगणात येतो तेव्हा

कारखान्यानं निशाण मोठ्या गाडीवर लावलं, तर आपल्याला काय त्याचं? त्याचं खूप काही आहे. कंपनी ज्या गाडीला मान देते, तिच्यामागे समाज धावतो. आणि आपल्याकडे या धावण्याची शर्यत लग्नाच्या मांडवातून जाते.

“आम्हाला बाप्पा काही नको. पोरीला नारळ द्या फक्त. पण जावयाले शोभेल अशी गाडी असली म्हणजे झालं.” हे बोलणं तुम्ही ऐकलेलं आहे. मोठ्या गावात ऐकलं असेल, तिवसा-आर्वीकडच्या खेड्यातही ऐकलं असेल. ‘शोभेल अशी’ म्हणजे कोणती, ते जाहिरातीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पाच वर्षांपूर्वी जी चालली असती, ती आता ‘बारकी’ झालेली असते. कापसाला भाव मिळो न मिळो, सोयाबीन पावसात जावो, मुलीचा बाप मान खाली घालून कर्जाच्या कागदावर सही करतो. हुंडा घेणं आणि देणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. लग्नासाठी मागून घेतलेली मोटार ही मोटार नसते, तो हुंडाच असतो. त्याला चार चाकं लावली म्हणून तो भेटवस्तू होत नाही. अशी मागणी आली तर मुलीच्या आईनं सर्वांत आधी तोंड उघडावं. सोयरीक मोडली तर चार दिवस बोलणी बसतील. कर्ज मात्र सात वर्षं बोलतं.

कारखान्यांनी आपल्या साध्या, कुटुंबाच्या गाडीवर निशाण लावलं, सर्वांत चांगली सोय आणि सर्वांत मजबूत सांगाडा आधी तिला दिला, तर ही शर्यत एका दिवसात थांबेल असं नाही. पण “मोठी घ्या” याऐवजी “चांगली घ्या” हे शब्द घराघरात ऐकू येऊ लागतील. आणि ते आपणच आधी बोलायला सुरुवात केली, तर कारखानेही ऐकतात. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघूनच दुकानदार माल मांडतो ना?

घेताना काय पाहाल?

गाडी घ्यायचं घरात ठरत असेल, तर पुढच्या गोष्टी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मालक शोरूमला निघाले, की त्यांच्या खिशात घाला. त्याहून बरं म्हणजे स्वतःच बरोबर जा.

● पैसे ठरलेले असतील, तर त्यात मोठ्या गाडीचा उघडाबोडका प्रकार येतो, किंवा लहान गाडीचा भरलेला प्रकार येतो. लोक पहिला घेतात, कारण लांबी रस्त्यावरून दिसते आणि एअरबॅगा दिसत नाहीत. तुम्ही सहा एअरबॅगा आणि मागच्या प्रत्येक माणसाला तीन ठिकाणी धरणारा पट्टा आहे का, ते आधी विचारा. लोखंडाच्या लांबीनं भागत नाही.

● चाचणीचे तारे विचारा. आता आपल्या देशाची ‘भारत एनकॅप’ ही चाचणीही २०२३ पासून सुरू आहे. मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, दोन्ही बघा. कुठल्या प्रकारच्या गाडीला ते मिळाले, हेही विचारा.

● कर समजून घ्या. चार मीटरच्या आतली आणि लहान इंजिनाची (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) गाडी असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के. म्हणजे मोठेपणाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या दारात येत नाही.

● वर्षाचे दिवस मोजा. सातही जागा भरून तुम्ही वर्षातून किती वेळा जाता? चारदाच जात असाल, तर त्या चार वेळांना भाड्याची गाडी करा. हंड्यासाठी रोज चूल मोठी पेटवू नये.

● चालवणार कोण? घरातल्या बाईला ती चालवता आली पाहिजे. सीट वरखाली होते का, पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का, आपल्या गल्लीत वळते का, हे स्वतः बसून बघा. ज्या गाडीची किल्ली फक्त एकाच्याच खिशात राहते, ती गाडी घराची नव्हे, त्याची.

● सासूबाईंना चढउतर करता येते का? फार उंच गाडीत गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढवणं म्हणजे शिडी लावण्याचा प्रकार. त्यांना दुकानात नेऊन एकदा बसवून बघा.

● हप्ता आणि विमा, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग, टायर आणि पार्किंग, सगळं मिळून महिन्याचा आकडा काढा. तो आकडा मुलांच्या शिक्षणाला हात घालत असेल, तर गाडी एक माप लहान घ्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

रुक्मिणीच्या माहेरचा हिशेब

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिची तुळा आठवते ना? सत्यभामेनं कृष्णाला तोलायला पारड्यात घरातलं सारं सोनं, सारे दागिने ओतले. ढीग मोठा झाला, पण पारडं हलेना. मग रुक्मिणीनं एक तुळशीचं पान ठेवलं, आणि काटा सरळ झाला. आपल्या आया-आज्या ही गोष्ट सांगत आल्या, ती काही सोन्याची निंदा म्हणून नव्हे. वजन कशाचं धरायचं, ते लेकींना कळावं म्हणून.

त्याच माहेरची पालखी चारशेहून अधिक वर्षं पायी पंढरपूरला जाते. आळंदी आणि देहूच्या पालख्यांबरोबर लाखोंचा सागर लोटतो. वऱ्हाडातून निघणाऱ्या या पालखीबरोबर त्या मानानं माणसं थोडी. तरीही ती मानाच्या पालख्यांत गणली जाते. २०२० साली करोनामुळे पायी वारी बंद राहिली आणि मोजक्या मानाच्या पालख्यांनाच पंढरपूरला जायची परवानगी मिळाली. त्यांत कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी होती. गर्दी मोजून तो मान मिळालेला नाही. सासरी विठ्ठलाकडे जाणारी ती माहेरची पालखी आहे, म्हणून तो आहे.

मोटारीचा मानही असाच ठरावा. ज्या गाडीत घरातलं सगळ्यात लहान लेकरू आणि सगळ्यात थकलेलं माणूस निर्धास्त बसेल, जिचा हप्ता भरताना झोप उडणार नाही आणि जिची किल्ली बाईच्याही हाती येईल, ती मानाची. ती लांब निघाली तरी हरकत नाही, आखूड निघाली तरी हरकत नाही. कारखानदारांनी आपलं निशाण कुठे लावायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. आपलं हळदीकुंकू मात्र आपण बघूनच लावू या.

आणि हो, गाडी कोणतीही असो, निघण्यापूर्वी मागच्या गादीखालचा पट्टा आधी वर काढा. तेवढं काम आजच करून टाका!